दगड उचलण्याआधी त्याचा पत्ता लिहा

«मुलगी सहावीत आहे, मुलगा दुसरीत. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर मुलगी रैयोलीच्या डायनोसॉर उद्यानात जाऊन आली, तेव्हापासून तिला दगडांनी झपाटलंय. आता एकच हट्ट धरून बसली आहे, नाताळच्या सुट्टीत कच्छच्या वाळवंटात जाऊन जीवाश्म शोधायचे. भावाला तिने डायनोसॉर मिळेल असं सांगून ठेवलंय. यांची तयारी आहे; ते म्हणतात, वाळवंटच बघायचं तर सरळ जैसलमेरला जाऊ. सासूबाईंचा मात्र सक्त विरोध. ‘मेल्या जिवांची हाडं माझ्या घरात नकोत,’ असं त्या म्हणतात, आणि सापाविंचवाची काळजी त्यांना आहे ती वेगळीच. मला स्वतःला दोन प्रश्न पडलेत. असे दगड उचलून आणलेले चालतात का? आणि एवढा खर्च करून जाऊन काहीच मिळालं नाही, तर पोरीचं मन मोडेल, त्याचं काय?
– एक आई, मांजलपूर, बडोदे»

ताई, तुम्ही जा. पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं. अकरा वर्षांच्या मुलीला कशाची तरी एवढी ओढ लागते, ते वय फार थोडे दिवस टिकतं. तिकिटं मात्र लवकर काढा. नाताळात भुजकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहतात. सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्री बडोद्याला बसलात की सकाळी भुजला उतरता, मुलांची झोपही होते.

आता आधी सासूबाईंचं बोलू, कारण त्यांची परवानगी न घेता गेलात तर मुलगी परत आल्यावर दगड पलंगाखाली लपवेल, आणि मला ते नको आहे.

तुमच्या देवघरात शाळिग्राम आहे का? दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतून बहुधा असतोच, आणि मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांनीही तो बरोबर नेलेला असतो. असेल तर आजींना विचारून, हात धुऊन, तो नातीच्या तळहातावर ठेवा आणि तिला खिडकीपाशी उभं करा. सगळ्याच शाळिग्रामांत दिसत नाही, काही बंदच असतात. पण ज्याला तोंड आहे त्याच्या पोटात चक्र दिसतं. काळ्या गुळगुळीत दगडात आत आत वळत गेलेलं, आणि त्याच्या कडेने बारीक कंगोरे. बोटाचं नख फिरवलं तर एकेक कंगोरा लागतो. ते चक्र म्हणजे अमोनाईट नावाच्या समुद्रातल्या जिवाचा शंख, किंवा त्या शंखाचा उमटलेला ठसा. आजच्या माकुळाच्या, ऑक्टोपसच्या दूरच्या नात्यातला हा जीव. शंखात राहायचा, वाढेल तसा पुढे नवा कप्पा बांधायचा, मागचे कप्पे हवेवर ठेवून पाण्यात तरंगायचा. डायनोसॉर संपले तेव्हाच, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तोही संपला. गंडकीच्या पात्रात हे दगड सापडतात ते हिमालयातून वाहून येतात, कारण आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्राचा तळ होता.

कच्छच्या डोंगरांतही अमोनाईटच मिळतात, आणि साधारण त्याच काळातल्या समुद्रातले. त्या काळाला जुरासिक म्हणतात, सुमारे २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा. आजी ज्याला रोज आंघोळ घालतात, तुळशीच्या लग्नात ज्याला नवरदेव म्हणून उभा करतात, त्याच्याच गोतावळ्यातले दगड नात शोधायला निघाली आहे. हे मी कुणाची श्रद्धा हलवायला सांगत नाही. माझ्या आईने आयुष्यभर शाळिग्राम पुजला, आणि त्यात शंख आहे हे कळल्यावर ती तो पुसताना जास्तच जपून पुसायची. आणि हाडांचं म्हणाल, तर शंखाची मूळ वस्तू बहुतेक वेळा विरघळून गेलेली असते. आतल्या पोकळीत भरलेल्या गाळाचा दगड तेवढा उरतो. घरात दगडच येणार आहे. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, नातीला सांगू दे.

तुमच्या यांच्या जैसलमेरबद्दल थोडक्यात. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला सुमारे १७ किलोमीटरवर आकल इथे दगड झालेल्या झाडांचं उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची खोडं उघड्यावर पडलेली दिसतात, आज जिथे थरचं वाळवंट आहे तिथे तेव्हा जंगल होतं हे डोळ्यांना पटतं. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे बघायचं, उचलायचं काही नाही. सुंदर जागा आहे, पण बडोद्याहून लांब पडते आणि तुमच्या मुलीला शोधायचंय. यावर्षी कच्छच बरं.

आता धाकट्याचा डायनोसॉर. हे निघण्याआधी मिटवा, गाडीत बसल्यावर नको. कच्छमधले जुरासिक खडक बहुतेक समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत, आणि डायनोसॉर जमिनीवरचे. समुद्राच्या तळाशी डायनोसॉर शोधणं म्हणजे आपल्या सुरसागर तलावात हत्ती शोधण्यासारखं. कधीमधी एखादं हाड नदीने वाहून नेलेलं मिळतं, पण ते सात वर्षांच्या मुलाला वचन म्हणून देण्याजोगं नाही. त्याला डायनोसॉर दाखवायचाच असेल तर तो घराजवळ आहे. रैयोली, बालासिनोरपाशी, सकाळी निघालात तर दोन-अडीच तासांत पोचता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं मिळाली, आणि २००३ साली त्यातल्या एका मांसाहारी डायनोसॉरला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. अंड्यांची घरटी खडकात जशीच्या तशी दिसतात. २०१९पासून तिथे संग्रहालयही आहे. मुलगी बघून आली आहे. आता एका रविवारी तिलाच गाइड करा आणि भावाला दाखवू द्या. तोही शांत होईल आणि तिचीही उजळणी होईल.

जाता जाता एक गंमत सांगा त्यांना. आपला पावागड अख्खा ज्वालामुखीच्या दगडाचा. त्यात कितीही खणलं तरी शंख मिळणार नाही, कारण तापलेल्या लाव्हात कोण राहणार? पण त्याच लाव्हाच्या थरांखाली जी जुनी माती दबली, तिच्यात रैयोलीचे डायनोसॉर सापडले. कुठल्या दगडात काय असू शकतं आणि काय असूच शकत नाही, एवढं मुलांना कळलं तरी शोधाचं निम्मं काम झालं.

याच न्यायाने कच्छचंही. पर्यटक वाळवंट म्हणून जातात ते पांढऱ्या रणात. ते मीठ आणि चिखल आहे. पौर्णिमेला जरूर बघा, पण जीवाश्म तिथे शोधू नका. ते मिळतात रणाच्या कडेच्या डोंगरांत आणि भुजच्या आसपासच्या बुटक्या, बोडक्या टेकड्यांत: काळा डुंगर ज्या पच्छम बेटावर आहे तिथे, हबाय आणि झुरा भागातल्या घुमटासारख्या उंचवट्यांवर, नद्यांनी कापलेल्या काठांवर. चारी नावाचं एक छोटं गाव आहे, त्याच्या नावाने तिथला खडकांचा एक अख्खा गट जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे. धोसा गावाच्या नावाचाही एक थर आहे, सुमारे १६ कोटी वर्षांचा. त्याचा तुकडा भिंगाखाली धरला की राजगिऱ्याच्या लाडवासारखा दिसतो, गोल गोल तपकिरी दाणे एकमेकांना चिकटलेले. त्या थरात अमोनाईट भरपूर. तुमच्या मुलीला हा राजगिरा ओळखायला शिकवा. एकदा ओळखला की ती तुम्हाला मागे टाकून पुढे जाईल.

पश्चिमेला लखपतकडे जाणार असाल तर तिथे वेगळंच. जुरासिकपेक्षा खूप अलीकडचे, पाचएक कोटी वर्षांच्या आतबाहेरचे थर. जमिनीवर नाण्यांसारख्या चपट्या गोल चकत्या विखुरलेल्या दिसतात, काही बटणाएवढ्या, काही रुपयाएवढ्या. त्यांना न्युमुलाईट म्हणतात. त्यातली प्रत्येक चकती म्हणजे एकाच पेशीच्या जिवाचं घर. सहावीच्या विज्ञानात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते असं शिकलेल्या मुलीच्या हातात अशी चकती ठेवा आणि तिचा चेहरा बघा.

याच पश्चिम कच्छात चार पायांच्या देवमाशांचे अवशेषही मिळाले आहेत. त्यातल्या एकाचं नावच कच्छिसेटस. जमिनीवरचे प्राणी हळूहळू पाण्यात गेले आणि देवमासे झाले, त्या वाटेवरचे हे मुक्काम. म्हणून निघायच्या आधी एक संध्याकाळ कमाटी बागेत घालवा. आपल्या बडोदे म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, आपण सगळे लहानपणी त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवून उभे राहिलो आहोत. याचे पणजोबा कच्छच्या किनाऱ्यावर चालत होते, असं त्या सांगाड्यासमोर उभं राहून सांगा. घरी सोफ्यावर बसून सांगितलेलं वेगळं आणि तिथे सांगितलेलं वेगळं.

आता तुमची भीती. काहीच मिळालं नाही तर? ताई, योग्य जागी गेलात तर कच्छमध्ये रिकाम्या हाताने परत येणं अवघड आहे. पूर्ण, सुबक अमोनाईट मिळेलच असं नाही, पण शिंपल्यांचे ठसे, बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते बेलेम्नाईट (माकुळासारख्या जिवाच्या अंगातला कडक भाग), अर्धवट चक्रं, हे पायाखाली येतं. मला उलट भीती वाटते. फार मिळेल, याची.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाला घेऊन गेले होते. तो दहा वर्षांचा. तीन दिवस, तीन ठिकाणं. त्याने दप्तर भरलं, मग माझी पिशवी भरली, मग टोपी. मी त्याला अडवलं नाही. त्याचा आनंद बघत बसले. घरी येऊन सगळं अंगणात ओतलं, धुतलं, मोठ्याकडून छोट्याकडे असं लावलं. वर्षभराने भूविज्ञान शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ चहाला आले होते. मुलाने मोठ्या अभिमानाने ताट भरून दगड त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एक उचलला, खिशातलं भिंग काढलं, दगड डोळ्यांशी नेला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग भुवया उंचावून विचारलं, “हा कुठला?”

“कच्छचा.”

“कच्छमध्ये कुठला?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. तीन ठिकाणचे दगड एका पिशवीत घातले होते. गृहस्थ भले होते; त्यांनी दगड अलगद ताटात ठेवला आणि “छान आहे हो,” म्हणून चहाचा कप उचलला. पण मुलाला कळलं. तो दगड काही सांगणार होता आणि आपण त्याची जीभ कापून आणली, हे त्या वयातही त्याला कळलं. ते दगड आज आमच्या तुळशीच्या कुंडीत आहेत. मला पाणी घालताना दर वेळी दिसतात.

तेव्हा माझा तुम्हाला खरा सल्ला हा एवढाच आहे. दगड उचलण्याआधी त्याचा पत्ता लिहायचा. मुलीला एक वही द्या, लांबट, कडक पुठ्ठ्याची. दगड जमिनीवर असतानाच त्याचा फोटो, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग वहीत तारीख, जवळचं गाव, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, दगड थरात अडकलेला होता की उतारावर मोकळा पडला होता, आजूबाजूच्या खडकाचा रंग, आणि कुणी शोधला त्याचं नाव. मग दगडाला क्रमांक. कागदाच्या चिठ्ठीवर तोच क्रमांक लिहून दगड आणि चिठ्ठी एकत्र वर्तमानपत्रात गुंडाळायची. धाकट्याला नाणं ठेवायचं काम द्या. त्याचं त्यात मन रमेल, आणि नाण्याशिवाय फोटो काढला तर तो सगळ्यांना दटावेल.

हे सगळं मोठ्या माणसांचं काम आहे असं समजू नका. पश्चिम कच्छातल्या पानंध्रोच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीतून २००५ साली २७ मणके निघाले. एका प्रचंड सापाचे ते मणके आहेत, त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी आणि तो सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी होता, हे जगाला कळलं २०२४ साली. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी त्याला वासुकी इंडिकस असं नाव दिलं. मधल्या सगळ्या वर्षांनंतरही ते मणके बोलले, कारण ते कुठून निघाले याची नोंद होती. मुलीला ही गोष्ट सांगा. वासुकी तिला माहीत असेलच, समुद्रमंथनाच्या वेळी दोरी झाला होता तो.

उचलून आणलेलं चालतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. स्मारक म्हणून जाहीर झालेली जागा, कुंपण घातलेलं जीवाश्म उद्यान, अभयारण्य, इथून एक खडाही उचलायचा नाही. कच्छमध्ये वाळवंटाचं अभयारण्य आहे, घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं आहे. त्यांच्या हद्दी पाटी बघून कळतीलच असं नाही, म्हणून स्थानिक ड्रायव्हर घ्या आणि त्याला आधी विचारा. सरहद्दीकडच्या भागात परवाना लागतो, ओळखपत्रं जवळ ठेवा, आणि जवानांनी थांबवलं तर हुज्जत न घालता थांबा. शेत कुणाचं तरी असतं, गायरान गावाचं असतं. गावात जाऊन आधी विचारायचं. कच्छी माणूस चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तो चहा घ्या, मुलांसकट बसा, कशासाठी आलोय ते मुलीला गुजरातीत सांगू द्या. बडोद्याच्या मराठी मुलांना गुजराती येतं, हा आपला मोठा फायदा आहे. अनेकदा त्याच घरातला एखादा मुलगा उठून म्हणतो, चला, मी दाखवतो.

परवानगी मिळाली तरी प्रत्येकाने एकच दगड आणायचा. मोकळा पडलेला, आणि आधी उचललेला दुसरा परत ठेवून मगच हा. एक निवडायचा म्हटलं की मुलं दहा दगड नीट बघतात. खडकात बसलेलं काही छिन्नी लावून काढायचं नाही. रस्त्याच्या कडेला कुणी शंख विकायला बसलं असेल तर विकत घेऊ नका, कितीही देखणे असले तरी. त्यांना किंमत आली की रात्री कुदळी चालतात, आणि पुढच्या वर्षी ती टेकडी नुसती खड्ड्यांची उरते.

एक गोष्ट मात्र घट्ट बजावून ठेवा. हाड दिसलं तर हात लावायचा नाही. हाड ओळखायचं कसं? तुटलेल्या कडेवर बारीक जाळी दिसते, पावाच्या कडेसारखी. भुजच्या ईशान्येला लोडाई गावाजवळ इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, सुमारे साडेपाच मीटर लांब. त्याची माहिती २०१७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्याच दिवशी कुणी त्याचे दोन मणके आठवण म्हणून खिशात घातले असते तर? असं काही दिसलं की फोटो, नाणं, अक्षांश-रेखांश, आणि मागे फिरा. बडोद्याला आल्यावर सयाजीराव विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात जा. कच्छच्या खडकांवर तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. खरं तर निघायच्या आधीच एकदा जाऊन या. कुठली टेकडी मुलांना सोपी, कुठे काय बघता येईल, हे तिथे विचारा. अकरा वर्षांची मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली तर तिला कुणी परत पाठवेल असं मला वाटत नाही.

प्रत्यक्ष शोधताना घाई नको. मुलं पळत सुटतात आणि पळताना काहीच दिसत नाही. सकाळी आठ ते दहा ही वेळ सोन्याची. ऊन तिरपं असतं, त्यामुळे प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते आणि शंख जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. बारा वाजता तोच दगड सपाट दिसतो. भुसभुशीत उतारांच्या पायथ्याशी, पावसाच्या पाण्याने पाडलेल्या ओघळींत बघा. पावसाळ्यात माती धुऊन जाते आणि शंख मागे राहतात, म्हणून दिवाळीनंतरचा काळ चांगला. चार हात लांबीची सुतळी घ्या, जमिनीवर तिचा चौकोन करा आणि दोघांना त्याच्या दोन बाजूंना गुडघ्यावर बसवा. दहा मिनिटं या चौकोनाबाहेर बघायचं नाही. पहिली दोन मिनिटं “काहीच नाही” असं ऐकू येईल. पाचव्या मिनिटाला एकाला शिंपल्याची कड दिसेल, आणि मग चौकोनभर शिंपले दिसायला लागतील. ते आधीपासून तिथेच होते. बाटलीतलं थोडं पाणी दगडावर टाकलं की रेघा उठून दिसतात. अमोनाईटवर कधी कधी नक्षीदार रेघ मिळते, फर्नच्या पानाची कड असावी तशी नागमोडी. कप्प्याची भिंत बाहेरच्या शंखाला जिथे मिळायची, तिथली ती खूण. ती मिळाली तर मुलीला वहीत रेघ काढायला बसवा, अर्धा तास गेला तरी चालेल.

सात वर्षांच्या मुलाची ताकद दोन तासांची. तो कंटाळला की त्याला ओढू नका. एकाने त्याला घेऊन सावलीत बसा. दशम्या, गुळाची चिक्की, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, आणि माणशी तीन लिटर साधं पाणी. थंडीतसुद्धा कोरडी हवा घाम जाणवू देत नाही, म्हणून तहान लागायच्या आधी घोट घोट प्यायला लावा. दिवसा ऊन, रात्री कडाका. स्वेटर आणि कानटोपी हवीच. मार्चपासून पुढे मुलांना घेऊन कुणी नेऊ म्हणालं तरी जाऊ नका. पायात बूट, चपला अजिबात नको. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, सगळीकडे माजलाय, त्याचा काटा रबरी तळातून आरपार जातो. ड्रायव्हरला स्टेपनी तपासायला सांगा, तीही याच काट्यामुळे.

सासूबाईंची सापाविंचवाची काळजी खोटी नाही, तिला मान द्या. कच्छमध्ये फुरसं आहे, विंचू आहेत, आणि थंडीच्या सकाळी ते दगडांखाली असतात. म्हणून हाताने दगड उलटायचा नाही, हा नियम दोघांकडून घोकून घ्या. काठीने, आणि दगडाची पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे खालचं काही निघालं तर दगड आडवा येतो आणि ते पलीकडे जातं. भोकात बोट नाही, कपारीत हात नाही. तरीही काही चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नका; हात किंवा पाय हलू न देता १०८ला फोन आणि सरळ भुजचं मोठं रुग्णालय. डोंगराळ भागात रेंज जाते, त्यामुळे कुठे जातोय आणि केव्हा परतणार हे हॉटेलवर सांगून निघा. नदीच्या उभ्या काठाखाली बसू नका; वरचा दगड सुटा असतो. हातोडा तुमच्या मुलांच्या वयाला नकोच, घरी ठेवा.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीची आई म्हणून मनात असेल. तिथे बाथरूम नसतं. मुली मग पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात तेच वाईट. एक मोठी ओढणी आणि छत्री बरोबर ठेवा, दोघी जणी आडोसा करता येतो. किंवा सकाळी ज्या घरी चहा घेतलात तिथल्या बाईंना निःसंकोच विचारा. निघायच्या आधीच मुलीला हे सांगून ठेवा, म्हणजे ती आपलं आपण ठरवून पाणी पिणं बंद करणार नाही.

आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही घेऊन जा. भुजच्या हॉटेलात त्यांना ठेवू नका. गाडीतून टेकडीपर्यंत न्या, सावलीत घडीची खुर्ची टाका, आणि मुलांनी निवडलेले दगड पहिल्यांदा त्यांच्या हातात जाऊ द्या. कुठला घरी न्यायचा आणि कुठला परत ठेवायचा, हे त्यांना ठरवू द्या. परत ठेवायचे ते मुलांनी जिथून उचलले तिथेच ठेवायचे, ज्या कुशीवर होते त्याच कुशीवर, आणि वहीत त्या क्रमांकापुढे लिहायचं: परत ठेवला.